सावकाराची अक्का

रत्नाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टेम्पोच्या हौद्यात उभी राहून ड्रायव्हरला गुळाचे रवे कसे रचायचे ते शिकवत होती. शिकवत होती म्हणजे ओरडत होती. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप, उचलताना चांगल्या धडधाकट गड्याचीही कंबर लचकेल अशी. अक्का पन्नाशीची होती. उंच, रुंद खांद्यांची, पदर खोचलेला, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी लग्न होऊन नुकतीच कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या तिच्या गल्लीत आले होते आणि गॅलरीतून बघत होते. तिनं वर पाहिलं.

"नवीन आलीयास न्हवं वैनी? जेवायला ये. आज नको, आज आमटी बिघडलीया. उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले आणि मग जातच राहिले.

अक्काचं घराणं कुरुंदवाडकडचं, लिंगायत, व्यापारातलं. नवरा लवकर गेला, पाठोपाठ भाऊ गेला, आणि मार्केट यार्डातली गुळाची अडत तिच्या अंगावर आली. हाताशी भावाचा मुलगा शिवानंद. सीमेपलीकडून गूळ घेऊन येणाऱ्यांशी ती कानडीत बोलायची, इकडच्यांशी मराठीत, आणि दोन्हीकडे आवाज एकाच पट्टीतला. इथल्या जुन्या बायकांसारखीच ती स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असं बोलायची, आणि तिच्या तोंडी ते असं शोभायचं की "मी आले" म्हणाली असती तर आम्हीच दचकलो असतो.

तिच्या बोलण्यात "बघू" हा शब्द नव्हता. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की आपण सगळे "बघू, उद्या या" म्हणतो. अक्का म्हणायची, "महाप्रसादाचा गूळ माझा. स्पीकर लावणार असशीला तर एक खडा मिळायचा न्हाय." पोरं हिरमुसून जायची, पण उद्या परत यायचा त्रास वाचलेला असायचा.

अशा बाईच्या घरी जपानी कुत्रा कसा आला, ते मी शिवानंदकडून ऐकलं.

खराब झालेला गूळ आणि काकवी फाउंड्रीवाले नेतात. साच्याची वाळू धरून राहायला ती लागते. नव्वदीतल्या एका एप्रिलमध्ये अक्का शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत असाच माल द्यायला गेली. पत्र्याच्या शेडबाहेर साखळीला एक कुत्रा बांधलेला होता. वासराएवढा, तांबूस-पांढरा, अस्वलासारखं डोकं, शेपूट पाठीवर वळवून ठेवलेली. अंगावर इतकी दाट लोकर की बघूनच आपल्याला उकडावं. ती लोकर जागोजागी झडलेली होती. तोंड उघडं टाकून तो धापा टाकत होता, पण आवाज काढत नव्हता.

"हे काय हाय वो पावणं?" अक्कानं मालकाला विचारलं.

"जपानी कुत्रं हाय अक्का. अकिता म्हणत्यात. दिल्लीस्नं आणलं राखणीला. पर भुंकतच न्हाय. फुकट गेलं."

"त्या उनात बांधून घातल्यावर तू तरी भुंकशील काय?"

मालक हसला. अक्का हसली नाही. तिनं स्वतःच्या हातानं बादली आणून त्याच्यापुढे ठेवली. तो लगेच पाण्यावर तुटून पडला नाही. आधी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग प्यायला. परतताना टेम्पोत रिकाम्या पिंपांच्या मध्ये तो ताठ बसलेला होता आणि शिवानंद भीतीनं ड्रायव्हरच्या मांडीवर बसायच्या बेतात होता.

त्याचं जुनं नाव काहीतरी परदेशी होतं. अडतीवर तो पहिल्या दिवशी गादीच्या शेजारी बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तिरक्या बारीक डोळ्यांनी, न बोलता बघत राहिला. गूळ घेऊन आलेला एक म्हातारा घाबरून म्हणाला, "ह्यो तर सावकार बसल्यागत बसलाय की!" तेच नाव पडलं. पुढे यार्डात रत्नाक्का म्हटलं तर काहींना कळायचं नाही. सावकाराची अक्का म्हटलं की हमाल दुकानापर्यंत आणून सोडायचे.

सावकार खरंच भुंकायचा नाही. अनोळखी माणूस आला की फक्त उठून उभा राहायचा. तेवढं पुरे व्हायचं. दुसरं कुत्रं मात्र त्याला नजरेसमोर चालत नसे. वर्षातून दोनदा त्याची आतली लोकर अशी झडायची की अक्काच्या अंगणात कापूस पिंजल्यासारखं दिसायचं. ती खरारा घेऊन बसायची, घोड्याला करतात तसा, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. उन्हाळ्यात दुकानात कूलर आला. गिऱ्हाइकं म्हणायची, "अक्का, आमच्यासाठी आणला व्हय?" ती म्हणायची, "तुम्ही दोन घटका बसतासा. त्यो दिवसभर काम करतोय."

कुत्र्याचे डॉक्टर म्हणून कोल्हापुरात तेव्हा फारसे कुणी नव्हते. मगदूम डॉक्टर होते ते मुळात म्हशींचे. गावोगाव मोटारसायकलवरून फिरायचे, बोलणं कमी, हात मोठे. अकिता त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेला. पण त्यांनी ते लपवलं नाही. "मला वाचावं लागेल अक्का," असं म्हणाले, मुंबईच्या कॉलेजातल्या आपल्या सरांना विचारून आले, आणि आल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती वजनाची.

त्याचं असं झालं होतं की सावकारापुढे येणारा प्रत्येकजण काही ना काही टाकायचा. गुळाचा खडा, भाकरी, कुणी पेढा. दोन वर्षांत तो गोल झाला होता आणि अक्काला त्याचं कौतुक होतं.

"अक्का, ह्या जातीच्या कंबरेचे सांधे मुळात कच्चे असतात," डॉक्टर म्हणाले. "आत्ता लाड केलेत तर म्हातारपणी हे कुत्रं उठणार नाही."

अक्कानं त्याच दिवशी पेंटर बोलावला. दुकानाच्या दारावर मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं गेलं : सावकारांस काहीही घालू नये. पाहुण्यांना राग आला. हुपरीचे तिचे एक नातेवाईक, चांदीच्या धंद्यातले, सावकारासाठी प्रेमानं चांदीचा पट्टा घडवून देतो म्हणत होते, त्यांना ती म्हणाली, "गळ्यात चांदी घालून काय करू? त्याला चालायला पाय पायजेत." आणि कुत्र्याला मोजून जेवण घालताना तिचं लक्ष स्वतःच्या ताटाकडे गेलं. तिला साखरेचा आजार होता आणि गुळात हात घालून बसणारी ही बाई चव बघायच्या नावाखाली दिवसभर तोंड गोड करत असायची. एके दिवशी तिनं ते बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, शपथ घेतली नाही. मालाची चव शिवानंदनं बघायची, असं ठरलं.

शिवानंदच्या साखरपुड्याचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे.

घर माणसांनी भरलेलं. अक्का पाहुण्यांच्या मानपानात. सावकाराला मागच्या अंगणात ठेवलं होतं, आणि त्या दारावर पाटी नव्हती. पाहुण्यांच्या पोरांनी आणि मोठ्यांनीही पंगतीतलं उरलेलं सगळं, पोळ्या, भात, भजी, त्याच्यापुढे ओतलं, वर पाणी पाजलं आणि मग चेंडू टाकून त्याला पळवलं. दुपारी मी हात धुवायला मागे गेले तर तो भिंतीला टेकून उभा होता. मान खाली, ओकायचा प्रयत्न करत होता आणि तोंडातून नुसता फेस येत होता. पोट एका बाजूनं ढोलासारखं ताणलेलं.

मी अक्काला हाक मारली. तिनं एकदा बघितलं. अंगावर साखरपुड्याची इरकली, हातात अक्षतांचं ताट. ताट माझ्या हातात दिलं आणि ओरडली, "टेम्पो काढा!"

व्याही म्हणाले, "अक्का, कुत्र्यासाठी कार्यातून उठून जाता?"

"कार्य शिवानंदाचं हाय, त्यो बसलाय की हितं," ती म्हणाली आणि गेली. मी ताट कोपऱ्यात ठेवून तिच्या मागे टेम्पोत चढले, कारण त्याचं डोकं धरायला कुणीतरी हवं होतं.

डॉक्टर नुकते जेवून उठले होते. त्यांनी पोटावर बोटांनी टिचकी मारून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोटाला पीळ बसलाय. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत होतं हे. उघडून पीळ काढावा लागेल, आणि आत्ताच. अक्का, म्हशीचं पोट मी डोळे झाकून उघडतो. पण कुत्र्याचं हे ऑपरेशन मी एकदाच केलंय, आणि ते वाचलं नव्हतं."

"मग हे दुसरं," अक्का म्हणाली. "हे वाचंल. घ्या करायला."

त्यांनी आधी जाड सुई घालून वारा काढला. खोलीत उग्र आंबूस वास पसरला. मग भूल. मला बाहेर बसवलं, पण अक्का आत राहिली. दाराच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. इरकलीचा पदर खोचलेला, दोन्ही हात त्याच्या डोक्यावर, आणि बराच वेळ ती पाठ हलली नाही. डॉक्टर मधेच काही मागायचे तेवढाच आवाज. शेवटी त्यांनी ते पोट पुन्हा पिळलं जाऊ नये म्हणून आतून बरगडीच्या कडेला टाके घालून जखडून टाकलं.

बाहेर आल्यावर अक्कानं मला पहिला प्रश्न केला तो, "पाव्हणी जेवली काय गं सगळी?"

सावकार वाचला. त्या दिवसापासून त्याला दिवसातून तीन वेळा थोडं थोडं खाणं, आणि खाण्याच्या आधी-नंतर पळणं बंद. व्याही मात्र लग्नापर्यंत धुमसत होते. लग्नात अक्कानं त्यांना सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "त्या दिशी उठून गेलो, तुमचा मान राखला न्हाय. पर परत तसं झालं तर परत जाईन." व्याह्यांना हसावं की रुसावं कळेना. शेवटी ते हसले.

आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर सावकार बदलू लागला. तोंडाभोवतीचे तांबूस केस पांढरे झाले. उठताना आधी पुढचे पाय, मग थोडं थांबून मागचे. गुळगुळीत शहाबादी फरशीवर मागचे पाय बाजूला सरकायचे आणि तो ओशाळल्यासारखा दुसरीकडे बघायचा. अक्कानं घरातल्या सगळ्या फरश्यांवर गोणपाट शिवून घातलं. शिवानंदची बायको बिचारी गुळाच्या गोण्यांवर संसार करू लागली.

एक्स-रे काढायचा ठरला. जनावरांचं यंत्र नव्हतं. डॉक्टरांच्या ओळखीनं माणसांच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये रविवारची वेळ ठरली. आम्ही बाकावर बसलो. आतून सहायकानं पुकारलं, "सावकार, वय वर्षे नऊ!" बाकावरचा पाय मोडलेला एक गृहस्थ म्हणाला, "आधी लहान मुलाचं घ्या." आणि मग त्याच्यासमोरून अस्वलासारखं ते जनावर अक्काच्या हाताला धरून लंगडत आत गेलं. त्या माणसानं मोडलेला पाय आपोआप बाकावर वर घेतला.

फिल्म उजेडाला धरून मगदूम डॉक्टर बराच वेळ बघत होते. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतच नव्हता. कडा झिजलेल्या, वर हाडं वाढलेली.

"अक्का, लहान कुत्रं पंधरा वर्षं सहज जगतं. ही मोठी जात. दहा, अकरा, फार तर बारा. त्यांचं म्हातारपण लवकर येतं."

"का?"

"ते मलाही नीट सांगता यायचं नाही. अंग भराभर वाढतं, तसं भराभर झिजतं."

"म्हंजे आमच्याएवढंच आयुष्य, पर घाईत," अक्का म्हणाली. मग फिल्म पिशवीत घालत म्हणाली, "किती जगंल ते तुमच्या-माझ्या हातात न्हाय. कसं जगंल ते मी बघतो. काय करायचं तेवढं सांगा."

डॉक्टर म्हणाले, वेदनेची गोळी द्या, पण तिच्यावर विसंबू नका. वजन वाढू देऊ नका. आणि पाण्यात पोहवा. पाण्यात अंगाचा भार सांध्यांवर पडत नाही, पण पाय चालतात.

मग जाता जाता म्हणाले, "अक्का, तुमची चालही मी बघतोय. गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या."

"मी काय तुमचा पेशंट?"

"म्हशीपास्नं सगळे माझे पेशंट."

अक्कानं स्वतःचा एक्स-रे काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो पंचगंगेच्या घाटावर उभा होता. मी अधूनमधून बरोबर जायचे. उजाडलेलं असायचं, धुणी चाललेली असायची, म्हशी पाण्यात बसलेल्या असायच्या. अक्कानं गोणपाट आणि जुन्या धडप्यांचा एक रुंद पट्टा शिवला होता, दोन बाजूंना धरायला कड्या. तो सावकाराच्या पोटाखालून घालायचा, एक कडी तिच्या हातात, दुसरी ड्रायव्हरच्या. पायऱ्या उतरताना त्याचा मागचा भार ती उचलायची, आणि तिचे स्वतःचे गुडघे दर पायरीला कुरकुरायचे. मग कमरेएवढ्या पाण्यात साडीसकट उभी राहून ती त्याला आपल्याभोवती गोल फिरवायची.

सुरुवातीला घाटावर हसू व्हायचं.

"अक्का, सावकारास्नी आंघोळ व्हय?"

"आंघोळ न्हाय, व्यायाम! तू बी ये. पोट बघ तुझं."

सावकाराला पहिल्यांदा पाणी आवडलं नव्हतं. तो तिच्या खांद्यावर पंजे टाकून चढायला बघायचा आणि तिला ओरखडे काढायचा. पण महिन्याभरात त्याचे मागचे पाय पाण्याखाली लयीत चालू लागले. बाहेर आल्यावर तो अंग झाडायचा आणि काठावरचे सगळे भिजायचे. त्या दिवसांत तो खरंच बरा चालायचा. पावसाळ्यात नदी चढली की यार्डात, गुळाच्या गोदामाच्या लांबलचक मोकळ्या जागेत, पट्टा लावून फेऱ्या. अक्का पुढे, सावकार मागे, दोघंही जरासे डावीकडे झुकलेले.

असं दोन वर्षं चाललं. मग डोळे गेले. आधी संध्याकाळी धडपडू लागला, मग भर दुपारीही. अक्कानं घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही असा नियम केला. येताना ती लांबूनच बोलत यायची, म्हणजे त्याला कळावं. पण तिचा आवाज असाही लांबूनच यायचा, त्यामुळे फारसा फरक पडला नाही. कधी कधी त्याला बसल्या जागी लघवी व्हायची. ती गोणपाट काढायची, धुवायची, दुसरं घालायची.

शिवानंद वाईट मुलगा नव्हता. त्याचं मूल रांगायला लागलं होतं, बायको थकली होती. एक दिवस माझ्यादेखतच तो म्हणाला, "आत्ती, आता त्याला सोडवूया. डोळे न्हाईत, पाय न्हाईत. वय झालं त्याचं. डॉक्टर एक इंजेक्शन देतील. हाल कशाला?"

मला वाटलं आता भडका उडणार. पण अक्का शांतपणे खाली बसली, सावकाराच्या शेजारी, एक पाय लांब करून.

"शिवा, हे बघ. मी हाक मारली की कान हलवतोय. खातोय. उठायची धडपड करालाय. ज्या दिशी धडपड सोडंल त्या दिशी तू सांगायची वाट बघणार न्हाय मी. मीच सांगतो. तोवर हे गोणपाट धुवायचं काम माझं, तुझ्या बायकोचं न्हाय. सुनेला सांग, तिला हात लावू देणार न्हाय मी."

त्या दिवसापासून सुनेनं गोणपाटाला हात लावला नाही. अक्का अंगणात दगडावर ते आपटायची तेव्हा तिला दम लागायचा. मी एकदा म्हटलं, "अक्का, बाई लावा की धुवायला." ती म्हणाली, "ठरलंय ते ठरलंय," आणि पुन्हा आपटू लागली.

सावकार बारा वर्षं ओलांडून पुढे गेला. मगदूम डॉक्टर आता त्याला बघायला येताना आपल्या शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ही चाल बघा. ही औषधानं आलेली नाही."

मग एका फेब्रुवारीत त्यानं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी अक्कानं ताकभात कालवला, दुसऱ्या दिवशी बोटानं चाटवायला बघितलं. तिनं हाक मारली तर कान हलला नाही. पट्टा घातला तर त्यानं पाय टेकायचा प्रयत्नच केला नाही. डॉक्टर सकाळी आले. पोट चाचपून बघितलं आणि हात तिथंच ठेवून थांबले.

"गाठ आहे अक्का. मोठी. आत रक्त सुटलंय बहुतेक."

"उपाय?"

"नाही."

"दुखतंय त्याला?"

"हो."

"मग आजच," अक्का म्हणाली.

आणि तेव्हा शिवानंद, जो वर्षभर हेच सांगत होता, तो रडायला लागला. "आत्ती, दोन दिवस थांबूया की. सोमवारपर्यंत. कदाचित..."

"सोमवारपर्यंत कुणासाठी थांबायचं, शिवा? तुझ्या-माझ्यासाठी? त्याला कशाला राबवायचं त्यात?" तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा, खरारा घेऊन ये."

अंगणात, उन्हाच्या कडेला, तिनं त्याला शेवटचा खरारा केला. घाई केली नाही. मानेपासून शेपटीपर्यंत, आधी एक कूस, मग दुसरी वळवून. झडलेली लोकर वाऱ्यानं तुळशीकडे जात होती. सून आतून आली आणि तिच्या शेजारी बसली, तिनंही एक हात सावकाराच्या पाठीवर ठेवला. अक्कानं तिला अडवलं नाही. मग डॉक्टरांना मान हलवून खूण केली. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. सुई टोचताना ती त्याच्या कानाशी कानडीत काहीतरी बोलत होती. मला कानडी येत नाही. मी नंतर कधी विचारलंही नाही.

डॉक्टरांनी डोळे पुसले, चष्मा पुसायच्या निमित्तानं. अक्काचे डोळे कोरडे होते, पण बराच वेळ ती उठलीच नाही. उठता येईना. शिवानंद आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं तेव्हा कुठे ती उभी राहिली. त्याच दुपारी टेम्पोतून त्याला कुरुंदवाडच्या त्यांच्या रानात नेलं आणि बांधाशी पुरलं.

पंधरवडाभर तिच्या घरातून आवाज आला नाही. गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग एका सकाळी ती माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर करून म्हणाली, "बघ वैनी. किती सुजलेत. आता ह्यांचं बघायचं."

"म्हणजे?"

"मिरजेला जाऊन बदलून घेणार. दोन्ही. त्याच्यासाठी थांबलो होतो. ऑपरेशन करून मी पडून ऱ्हायलो असतो तर त्याला नदीवर कुणी न्यायचं?"

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की ही स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करते. दुर्लक्ष नव्हतं, क्रम होता. साखर ताब्यात होती म्हणून मिरजेचे डॉक्टर तयार झाले. एक गुडघा झाला, काही महिन्यांनी दुसरा. व्यायाम शिकवायला जी मुलगी यायची तिच्याशी अक्काचं रोज वाजायचं, मुलगी दहा वेळा पाय उचला म्हणाली की अक्का म्हणायची, "दहानं काय हुतंय? तू मोजू नकोस, मी दमलो की सांगतो."

नंतर माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही कोल्हापूर सोडलं. अधूनमधून फोन व्हायचा. फोनवर ती इतक्या मोठ्यानं बोलायची की शेजारच्या खोलीतल्यांना खुशाली कळायची.

शेवटची भेट सीबीएसवर झाली, म्हणजे कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर. मी एका लग्नाला आले होते आणि परतीची गाडी बघत होते. कुरुंदवाडची गाडी फलाटाला लागली होती, दाराशी झुंबड. त्या झुंबडीत मला तो आवाज ऐकू आला. सत्तरी गाठलेली अक्का, खांद्यावर भलीमोठी पिशवी.

"अक्का!" मी धावत गेले. "कुठं निघालात?"

"थोरलीकडं. माझी बहीण, नागव्वा. पडली बाथरूममदी, हाड बसलं पर उठंना. सहा महिनं झाली, कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून हाय. पोरं म्हणत्यात, ऱ्हाऊ दे, कशाला त्रास द्यायचा." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "भितीया ती. दुसरं काय न्हाय. मी महिना ऱ्हाणार हाय तिथं."

"ती ऐकेल का तुमचं?"

"शिव्या दील. लहानपणापास्नं देतीया."

कंडक्टरनं घंटी वाजवली. एसटीची पहिली पायरी तशी उंचच असते. दारातल्या एका तरुणानं तिला ओढून घ्यायला हात पुढे केला.

"हात कशाला? बाजूला सरक की पावणं, वाट दे," अक्का म्हणाली, दांडी धरली, आणि वर चढून आत गेली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिचं तोंड दिसलं नाही. ती अजून उभीच होती, आणि जागेवर रुमाल टाकून ठेवणाऱ्या कुणालातरी उठवत होती.